बेळगावच्या पाटीवरचा ळ

(दृश्य: गणपत गल्ली, सकाळ. दुकानांची शटरं वर जाताहेत. कॅमेरा पाट्यांवरून सरकतो.)

बेळगाव. ब, ळ, ग, व. ब आणि व गोल पोटाचे. ळ तर दोन वाटोळ्यांचाच. शेजारी कानडीत हेच नाव, त्यातही ळ आहेच. पण कानडी अक्षरं मोकळी, वळणावळणाची. आपली अक्षरं शिरोरेघेला टांगलेली.

कर्नाटकात २०२४ पासून दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कानडी लागते. उरलेल्या जागेत मराठी आणि इंग्रजी. जागा कमी आणि रस्त्याच्या पलीकडून नाव वाचता यायला हवं, म्हणून पाटी करणारा जाड अक्षराकडे वळतो. टोकांना फाटे नाहीत, रेघ सगळीकडे सारखी, पोट कंपासनं काढल्यासारखं.

या घराण्यातलं सगळ्यांत गाजलेलं रोमन (इंग्रजीच्या लिपीचं) अक्षर म्हणजे फ्युचुरा. पॉल रेनर यांनी ते आखलं, जर्मनीतल्या बाउअर फाउंड्रीनं, म्हणजे छपाईचे टाइप ओतणाऱ्या कारखान्यानं, १९२७ मध्ये बाजारात आणलं. १९६९ मध्ये अपोलो ११ नं चंद्रावर ठेवलेल्या पाटीवरची अक्षरंही फ्युचुराचीच. वरवर सगळं भूमितीचं, पण त्यात डोळ्यासाठी केलेल्या तडजोडी आहेत. गोल उभ्या रेघेच्याच उंचीचा ठेवला तर बुटका दिसतो, म्हणून तो जरासा बाहेर काढतात. गोल दांड्याला मिळतो तिथे रेघ हळूच बारीक करतात, नाहीतर त्या कोपऱ्यात काळा डाग साचतो.

देवनागरीत हे कोपरे किती तरी जास्त! इंडियन टाइप फाउंड्रीचा पॉपिन्स हा असाच भूमितीचा फाँट २०१४ मध्ये आला, तो रोमन आणि देवनागरी दोन्हींसाठी. त्यातली देवनागरी निनाद काळे यांची. बारीकपासून काळ्याकुट्टपर्यंत नऊ जाड्या, आणि फाँट मोफत, त्यामुळे कुठल्याही फ्लेक्सच्या दुकानात उतरवता येतो. 'एक टाइप' या संस्थेचा बलू हा फाँट तेवढा काटेकोर नाही, गुबगुबीत आहे. पण त्याचं कानडी भावंड आहे, बलू तम्मा. कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. दोन लिप्यांची पाटी करणाऱ्याला अशी जोडी हाताशी असणं फार मोलाचं.

एक गोष्ट मात्र मनापासून खटकते. जुन्या बेळगावात जिकडे बघावं तिकडे 'गल्ली'. त्यातला ल मराठीत दोन पाकळ्यांचा, आणि इथल्या शहापूरचा श देठाचा. बरेच फाँट आधी हिंदी वळणाचा ल देतात. मराठी वळण फाँटमध्ये असलं तरी संगणकावर भाषा मराठी निवडल्याशिवाय ते बाहेर येत नाही. ही एक निवड राहून जाते आणि आपल्याच गल्लीचा ल परका होतो.

(दृश्य: अक्रिलिकची अक्षरं कापणारं यंत्र. पडद्यावर 'बेळगाव'.)

सगळ्यांत जाड वजन (फाँटची जाडी) लावलंय. नीट बघा: ब च्या पोटातली तिरकी रेघ भिंतीला चिकटली, ळ ची दोन्ही भोकं बुजत आली. रात्री मागून एलईडी लागला की राहिलेली पोकळीही उजेडात बुडणार. कारागीर एक वजन खाली उतरतो. अक्षरांमधलं अंतर केसभर वाढवतो. पुन्हा चार पावलं मागे जाऊन बघतो.

ळ चे दोन्ही डोळे उघडलेत. आता यंत्र चालू होतं.