परत कुठे जाणार, ते दाखवा

चवथीच्या सुट्टीत डिचोली तालुक्यातल्या एका देवळाच्या सभागृहात मी जे बोललो ते एका पोराने मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं, तेच थोडं नीट करून इथे देतोय.

नमस्कार मंडळी. गणपतीची चवथ झाली, गणपतीवर टांगलेली माटोळी उतरली, आणि आता आठवड्याभरात इथले निम्मे लोक दाबोळी नाहीतर मोपा विमानतळावरून परत जाणार, कोण दुबईला, कोण कुवेतला, कोण मस्कतला, दोन-तीन घरं इंग्लंडातल्या स्विंडनला. मी तेवीस वर्षं शारजात काढली, कंपनीत लोकांची रेसिडन्स, म्हणजे तिथे राहायचा परवाना, आणि व्हिसाची कामं माझ्याकडेच असायची, म्हणून पोरांनी सांगितलं की काका, तिकडे राहून युरोपला फिरायला जायचं तर कागद कसे करायचे ते एकदा बसून सांगा.

तर आधी मुळातली गोष्ट. आपण अर्ज करताना काय समजतो, की पासपोर्ट भारताचा, घर गोव्यात, जमीन गोव्यात, आईबाप गोव्यात, म्हणजे आपण परत येणारच, यात शंका घ्यायचं काय कारण. पण तुम्ही दुबईत राहून अर्ज टाकला की व्हिसा देणाऱ्या ऑफिसरच्या हिशेबात परत जाणं म्हणजे दुबईला परत जाणं. गोव्याला नाही. तो बघतो की फिरून झाल्यावर हा माणूस जिथून आला तिथे त्याला परत आत घेतील का, तिथे त्याची नोकरी आहे का, राहायची परवानगी शिल्लक आहे का. आपलं मन घर म्हटलं की गावाकडे धावतं आणि फाईलही आपण तशीच लावतो, आणि तिथेच गाडी अडते.

हे मी स्वतः भोगलंय म्हणून सांगतो. २०१४ ची गोष्ट, मुलीची दहावी झाली होती, तिला शब्द दिला होता की युरोप दाखवीन. जुलैच्या १२ तारखेला परत यायचं तिकीट होतं आणि माझ्या रेसिडन्सची मुदत २० ऑगस्टला संपत होती, आणि बायकोमुलांचा रेसिडन्स माझ्याच स्पॉन्सरवर म्हणजे त्यांचीही तीच तारीख. त्या वेळी रेसिडन्सचा स्टिकर पासपोर्टातच चिकटवायचे, २०२२ पासून तो बंद झाला आणि आता एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथलं ओळखपत्रच चालतं. व्हिसा सेंटरच्या काउंटरवरच्या मुलीने तो स्टिकर बघितला, पेन्सिलीचं टोक तारखेखाली ठेवलं आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजायला लागली, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, आणि परत पेन्सिलीकडे बघून म्हणाली, सर, परतीनंतर तीन महिने पाहिजेत, रिन्यू करून या. मी म्हटलं दरवेळी रिन्यू होतं, अकरा वर्षं होतंय. आणि मी फाईलमधून गोव्यातल्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढला, खास लॅमिनेट करून नेला होता, घराची घरपट्टीही होती. तिने तो उतारा उलटा करून मागची कोरी बाजू बघितली आणि मला परत दिला. मी हट्टाने अर्ज टाकलाच. बारा दिवसांनी पासपोर्ट परत आले, सोबत छापील कागद, त्यात एका रकान्यावर खूण, की मुदत संपायच्या आधी तुम्ही आमच्या देशातून निघाल याची आम्हाला खात्री वाटत नाही. तेव्हा माणशी ६० युरो फी होती, मुलं बारा वर्षांवरची म्हणजे त्यांचीही पूर्ण, चौघांचे २४० युरो गेले, पण पैशाचं एवढं नाही, मुलीने तो कागद वाचला आणि विचारलं, बाबा, आपल्यावर त्यांचा विश्वास का नाही? याचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. आज देऊ शकतो, की तो विश्वास-अविश्वासाचा प्रश्नच नव्हता, तारखेचा प्रश्न होता, आणि तारीख माझ्या हातात होती.

म्हणून पहिलं काम, तिकीट बघायच्या आधी रेसिडन्सची तारीख बघा. कुवेतचा इकामा, म्हणजे तिथला रेसिडन्स, बऱ्याच जणांना वर्षाचाच मिळतो, त्यातले आठ महिने गेलेले असले तर आधी कंपनीला सांगून रिन्यू करून घ्या आणि मग अर्ज. शेंगेनसाठी, म्हणजे युरोपातले जे देश एकाच व्हिसावर फिरता येतात त्यांच्यासाठी, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून टाकता येतो, जहाजावरच्या लोकांना नऊ महिने आधीपासून, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निकाल साधारण पंधरा दिवसांत द्यायचा असतो, पण पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबवायचा त्यांना अधिकार आहे. म्हणजे जून-जुलैत जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच कागद काढायला बसा. अपॉइंटमेंट मिळायलाच तिथे महिना जातो.

दुसरं, अर्ज कुठे टाकायचा. शेंगेनचा नियम सरळ आहे, तुम्ही कायदेशीर जिथे राहता तिथल्या वकिलातीत टाकायचा. आता इथे बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी डोक्यात असणार की सुट्टीवर आलोच आहे तर मुंबईला जाऊन टाकून येतो. असं करू नका. तुम्ही दुबईचे रहिवासी म्हणजे दुबईतूनच. नुसते हजर आहात आणि राहत नाही अशा जागी अर्ज घ्यायची सोय कायद्यात आहे, पण तिथूनच का टाकतोय याचं पटेल असं कारण द्यावं लागतं, आणि सुट्टीवर आलो होतो हे काही कारण होत नाही. तसंच उलटं, व्हिजिट व्हिसावर दुबईला गेलेला पोरगा तिथून युरोपचा अर्ज टाकायला बघतो, एजंट त्याला सांगतो होऊन जाईल. तो तिथला रहिवासीच नाही, त्याचे पैसे घेऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

शेंगेनमध्ये आता २९ देश आहेत, पण अर्ज त्यातल्या कुठल्याही देशाकडे टाकायचा नसतो. जास्त रात्री जिथे काढणार त्या देशाकडे, आणि रात्री सारख्या असतील तर जिथे पहिलं उतरणार त्यांच्याकडे. अमुक देश पटकन देतो म्हणून तिथे टाकायचा आणि राहायचं भलतीकडेच, हे हॉटेल बुकिंगवरून लगेच कळतं.

कागदांचं बघा, कंपनीचं एनओसी पत्र पाहिजे, त्यात हुद्दा, पगार, कधीपासून कामाला, सुट्टी कुठून कुठपर्यंत आणि परत कामावर रुजू होणार हे वाक्य असलंच पाहिजे, ते पत्र लिहिणाऱ्या एचआरवाल्याला चहा पाजून लिहून घ्या पण घ्या. शिक्का मारलेलं बँक स्टेटमेंट, निदान तीन महिन्यांचं. रूममेटकडून आठ दिवसांसाठी पैसे घेऊन खात्यात टाकणारे मी भरपूर बघितले, ऑफिसर रोज शंभर स्टेटमेंट बघतो हो, पगार हजार-पंधराशे दिरहम शिल्लक टाकतोय आणि अचानक वीस हजार आले हे त्याला दिसतंच. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेनसाठी चालणारा. फी आता ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५. एक-चौदा घरी ठेवलात तरी चालेल.

आता स्विंडनवाल्यांसाठी, आणि हे मी जरा वेळ घेऊन सांगणार, कारण आपल्या लोकांचे इथे विनाकारण पैसे जातात. आपल्या गोव्यात आजोबा-पणजोबा १९ डिसेंबर १९६१ च्या आधी जन्मले म्हणून कित्येकांनी पोर्तुगीज पासपोर्ट केला. बऱ्याच घरांत नवऱ्याचा पासपोर्ट पोर्तुगीज आणि बायकोचा भारताचा. माझ्या भाच्याचं तसंच. त्याला स्पेनला जायला व्हिसा लागत नाही, सुनेला लागतो. तिने सगळ्यांसारखा टुरिस्ट व्हिसाचा अर्ज भरला, फी भरली, इन्शुरन्स काढला, नोकरीचं पत्र आणलं. यातलं काहीच लागत नव्हतं. युरोपियन युनियनच्या नागरिकाची बायको किंवा नवरा त्याच्यासोबत किंवा त्याला भेटायला युनियनच्या दुसऱ्या देशात जात असेल तर २००४ च्या कायद्याने तो व्हिसा फुकट द्यायचा असतो आणि लवकरात लवकर द्यायचा असतो. लागतं काय, तर त्या नागरिकाचा पासपोर्ट, लग्नाचा दाखला, आणि दोघं एकत्र जातायत याचा पुरावा. फक्त लक्षात ठेवा, पासपोर्ट पोर्तुगीज असेल तर खुद्द पोर्तुगालला जाताना हा कायदा लागत नाही, कारण तो त्याचा स्वतःचा देश. लग्नाचा दाखला म्हणजे आपल्या सिव्हिल रजिस्ट्रारकडचा, दोन सह्या करून लग्न पक्कं होतं तो, देवळातल्या लग्नाचे फोटो नाही, आणि त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात दाखला चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, करून ठेवा, इथे असतानाच करा, तिकडून करायला फार त्रास होतो. आणि यूकेत राहायच्या परवान्याची प्लास्टिकची कार्डं २०२४ च्या अखेरीस संपली, आता सगळं ई-व्हिसावर आहे, तर त्याची प्रिंट आणि तो ऑनलाइन तपासायचा शेअर कोड फाईलला लावायला विसरू नका.

अमेरिकेचं एका वाक्यात सांगतो. पूर्वी भारतात तारीख मिळत नाही म्हणून लोक बँकॉकला, फ्रँकफर्टला जाऊन मुलाखत देऊन यायचे, सप्टेंबर २०२५ पासून त्यांनी सांगितलंय की नागरिकत्वाच्या देशात किंवा राहता त्या देशातच अर्ज करा, म्हणजे गल्फवाल्यांना तिथूनही करता येतो आणि भारतातूनही, तिसरीकडून नाही.

आता शेवटची गोष्ट, ही कुठल्या नियमात लिहिलेली नाही. अर्ज टाकला की पासपोर्ट त्यांच्याकडे राहतो. आमच्या कंपनीतला पेडण्याचा एक जण, गुरुवारी दुपारी त्याने पासपोर्ट दिला आणि शुक्रवारी पहाटे गावाहून फोन आला, वडील गेले. वकिलात बंद, सेंटर बंद, शनिवार, रविवार. तो माझ्या खोलीत खुर्चीवर बसून राहिला, मोबाईल मांडीवर उलटा ठेवून. सोमवारी दुपारी पासपोर्ट हातात आला, तोवर चुलत भावाने अग्नी देऊन झाला होता. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी विचारायचो, घरी कोण आजारी आहे का? असेल तर थांबा, किंवा लगेच लेखी देऊन अर्ज मागे घ्यायची तयारी ठेवा, फी जाते पण पासपोर्ट परत मिळतो. आणि अर्ज टाकतानाच काउंटरवर विचारून ठेवा की तातडीने पासपोर्ट लागला तर कुणाला फोन करायचा, तो नंबर खोलीतल्या दुसऱ्या माणसाकडेही असू दे.

चहा आलाय. ज्यांनी पासपोर्ट आणलेत त्यांनी इकडे टेबलाकडे या, रेसिडन्सचं कार्डही काढा, आधी तारखा मोजू.