लाकडाचा बोंडू

(दृश्य: सावंतवाडी, मोती तलावाचा काठ. हस्तकला प्रदर्शनाच्या मांडवाखाली पत्र्याच्या पेट्या उघडतायत.)

मार्चची सकाळ. तलावाच्या पाण्यावर अजून ऊन उतरलेलं नाही. मांडवात बायका वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एकेक फळ बाहेर काढतायत. केळ्यांची फणी, वांगं, हापूस, कलिंगडाची फोड. परडीत मांडलं की चार पावलांवरून खरंच वाटावं. सावंतवाडीची ही लाकडी फळं कितीतरी घरांत शोकेसच्या काचेमागे बसलेली आहेत. इथे मात्र ती हाताळायला मिळतात.

आम्ही उचलला तो बोंडू. काजूचा बोंडू. पिवळा, एका अंगाने तांबूस होत गेलेला, आणि खाली करड्या रंगाची काजी, म्हणजे काजूची बी. डोळ्यांनी जेवढं वजन धरलं होतं, त्याच्या निम्माही भरला नाही.

"हातात घेवन बघा. घेवकच होया असा काय नाय," मांडवातल्या काकी म्हणाल्या. कुठे करता, असं विचारलं तर त्यांनी बाजाराच्या दिशेला मान वळवली. "हयच, चितार आळीत. चलत जावा. रिक्षा कित्याक होयी?"

या गावात प्रदर्शन बघायचं ते यासाठी. मोठ्या शहरातल्या हॉलमध्ये वस्तू सुंदर मांडलेली असते, पण ती करणारा तीनशे किलोमीटरवर असतो. इथे मांडवातून निघावं आणि चहा थंड व्हायच्या आत लेथसमोर, लाकूड फिरवून घडवायच्या यंत्रासमोर पोचावं.

(दृश्य: चितार आळी. भुसा, लेथचा आवाज, दारात सुकत ठेवलेले ओंडके.)

हे लाकूड पांगाऱ्याचं. कोकणातल्या माणसाला पांगारा काही नवा नाही. कुंपणाला असतो, मिरीचा वेल चढवायला लावतात. अंगभर काटे, आणि आत्ता या दिवसांत पान गळून फांद्यांवर नुसती लाल फुलं. घर बांधायला हे लाकूड कामाचं नाही, मऊ पडतं. पण जे वाशाला चालत नाही, ते फळाला फार चांगलं चालतं. हलकं असतं, हत्याराला अडत नाही. फक्त नीट सुकलेलं हवं. ओल राहिली तर रंगाखालून भेग वर येते. म्हणून पावसाळा हा या आळीचा कठीण काळ. हवाच ओली, लाकूड सुकत नाही, रंग सुकत नाही, आणि गणपतीची मागणी मात्र दारात उभी.

बोंडू दोन तुकड्यांत होतो. फळ लेथवर. ओंडका फिरायला लागतो, पटाशी टेकते, भुश्याची लांब साल सुटते आणि दोनतीन मिनिटांत आकार दिसायला लागतो. काजी मात्र लेथवर होत नाही. तिचा बाक हातानेच, चाकूने. मग दोन्ही एका बारीक खुंटीवर जोडायचे. मग पांढऱ्या रंगाचा थर, पॉलिश पेपर, परत थर, परत पेपर. रंग सगळ्यात शेवटी.

रंगवणाऱ्या ताईंच्या पाटावर एक खरा बोंडू ठेवलेला होता. तीन दिवसांपूर्वी बागेतून आणलेला. आता सुरकुतलाय, काळवंडलाय. त्या त्याच्याकडे अधूनमधून बघत होत्या आणि ब्रश मात्र पहिल्या दिवशीचा रंग लावत होता. पिवळा ओला असतानाच तांबडा त्यात कापसाच्या बोळ्याने टिपायचा. उशीर झाला तर दोन रंगांमध्ये रेघ दिसते. खऱ्या फळावर अशी रेघ नसते. एवढ्यासाठी त्यांनी आमच्यासमोर एक बोंडू पुसून पुन्हा केला.

शेजारच्या लेथवर लाखकाम चाललं होतं. पाळण्याच्या दांड्या. फिरत्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी दाबून धरायची. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. वरून केवड्याचं पान दाबलं की चकाकी येते. केवडा वासासाठी माहीत होता. त्याच्या पानाने लाख घोटतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

(दृश्य: राजवाडा, दरबार हॉल. गोल पत्ते, बारीक ब्रश.)

तलावापलीकडे राजवाडा. इथे गंजिफा रंगवतात. तळहातात मावणारा गोल पत्ता. हा खेळ हिंदुस्थानात जुना आहे. बाबराने 1527 साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची त्याने स्वतःच नोंद केली आहे. मुघल गंजिफेत 96 पत्ते. आपल्याकडच्या दशावतारी संचात 120: दहा अवतार, प्रत्येकाचे 12. राजा, प्रधान, आणि एक्क्यापासून दहापर्यंत. मत्स्याच्या पत्त्यावर मासे मोजायचे, कूर्माच्या पत्त्यावर कासवं, परशुरामाच्या पत्त्यावर परशू. अर्ध्या अवतारांत दहा मोठा, अर्ध्यांत एक्का. दिवसा डाव बसला तर उतारी, म्हणजे पहिली चाल, रामाची, रात्री बसला तर कृष्णाची.

छापील पत्ते आल्यावर हे सगळं विसरायच्या काठावर आलं होतं. 1970 च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी ते परत उभं केलं. म्हाताऱ्या चितारी कारागिराकडून दोघं स्वतः शिकले, मग इतरांना शिकवलं. आज या हॉलमध्ये बसलेला प्रत्येक ब्रश त्या शिकण्यातून आलाय. पत्त्याच्या कडेचं वर्तुळ कसं काढतात ते बघा. ब्रश हलत नाही. डाव्या हाताची बोटं पत्ता फिरवतात.

(दृश्य: पुन्हा मांडव. दुपारची गर्दी.)

काही वर्षांपूर्वी हायवेवरच्या एका दुकानातून मी लाकडी पेरू घेतला होता, सावंतवाडीचा म्हणून. आठवड्याभरात भाचीचा तळहात हिरवा झाला. पेरूचं काही नाही. पण घरात सगळ्यांच्या तोंडी "सावंतवाडीचा रंग जातो" असं वाक्य बसलं, ते अजून टोचतं.

काकींना हे सांगितलं. त्यांनी बोंडू माझ्याकडून घेतला, बोट पाण्यात बुडवून त्यावर जोराने घासलं आणि बोट दाखवलं. कोरं. मग परडीतले आणखी दोन बोंडू शेजारी ठेवले. तिघांचा तांबडा वेगवेगळ्या जागी. साच्यातून काढलेली फळं अशी नसतात.

2024 साली सावंतवाडीच्या गंजिफा आणि लाकडी हस्तकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे नाव वापरणाऱ्यांवर बंधन येईल, अशी आळीची आशा आहे. माझीही आहे.

मांडवात बाकीही पुष्कळ होतं: वेंगुर्ल्याकडचं काथ्याचं काम, बांबूच्या परड्या. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी बघायला मात्र पिंगुळीलाच जावं. ठाकर समाजाची ही कला; चित्रांची पोथी उलगडत कथा गाऊन सांगायची. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय उभारलंय. त्यावर वेगळा भाग करायलाच हवा. आणि सूप, रोवळी, हारा हवा असेल तर प्रदर्शनाची वाट बघू नका. मंगळवारी सावंतवाडीचा आठवडा बाजार असतो. भातशेतीच्या घरांना रोज लागणाऱ्या या वस्तू तिथे जमिनीवर मांडलेल्या असतात, आणि घेणारी बाई सूप आधी एकदा पाखडून बघते.

(दृश्य: संध्याकाळ. पेट्या पुन्हा भरल्या जातायत.)

"प्लॅस्टिकची अख्खी परडी येते एवढ्यात," एक गृहस्थ म्हणाले आणि पुढे गेले. काकींनी वाद घातला नाही. मला मात्र सकाळचा तो पुसलेला बोंडू आठवत होता. भाव न करता पैसे दिले.

कागदात गुंडाळण्याआधी काकींनी काजी दोन बोटांत धरून हलवून पाहिली. घट्ट होती.

"कधी सुटली तर घेवन येवा," त्या म्हणाल्या. "लावन देतंय."