आवाज आहे, वेग नाही

(सकाळचं दृश्य. खिंडसी तलावाचा काठ. अर्धी पाण्यात, अर्धी वाळूवर एक जुनी वॉटर स्कूटर.)

रामटेकजवळचा खिंडसी तलाव. नागपूरहून साधारण 50 किलोमीटर. रविवारी इथे बोटिंगला झुंबड असते, आज काठ मोकळा आहे.

ही वॉटर स्कूटर 1990च्या दशकातली. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर. बटण दाबताच सुरू होते, हळू नीट चालते. पण थ्रॉटल पूर्ण दाबला की दम सोडते.

“प्लग बदलवून पाहू का?” मालक विचारतात.

“थांबा ना भाऊ. आधी आवाज ऐकू द्या,” मिस्त्री म्हणतात.

मिस्त्रींचा सगळा तपास या ऐकण्यावर उभा आहे. इंजिन जोरात ओरडतंय आणि गाडी पुढे सरकत नाही, तर दोष पंपात. हाच पंप पाणी मागे फेकून गाडी ढकलतो. त्याच्या फिरत्या पंख्यात, म्हणजे इंपेलरमध्ये, शेवाळ किंवा दोर अडकलेला असतो, नाहीतर इंपेलरभोवतीची वेअर रिंग झिजलेली असते. इंपेलर आणि रिंगमधली फट साधारण 1 मिलिमीटरच्या पुढे गेली की पाणी मागे घसरतं, क्लच घसरलेल्या मोटरसायकलसारखं.

इथे मात्र आवाजच चढत नाही. म्हणजे दोष इंजिनाकडे.

आता गेज. प्लगच्या वायरी अर्थ केल्या, थ्रॉटल पूर्ण उघडा धरला, दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजलं. दोघांत 10 टक्क्यांहून जास्त फरक नको. फरक किरकोळ निघाला. पिस्टन शाबूत आहेत.

(क्लोज-अप: कार्बोरेटर उघडताना मिस्त्रींची बोटं.)

हे बघा. कार्बोरेटरच्या पोटात बोटाच्या पेराएवढी जाळी असते. तिच्यावर हिरवट, चिकट थर. पेट्रोलची करडी नळी आतून विरघळत गेली आणि इथे येऊन साचली. कमी वेगात जाळीतून पुरेसं पेट्रोल झिरपतं, पूर्ण थ्रॉटलला पुरत नाही.

याच टप्प्यावर जुनी इंजिनं मरतात. पेट्रोल कमी, हवा जास्त, की पिस्टन तापतो आणि सिलिंडरला धरतो. नवा प्लग टाकून “एक राउंड मारून बघू” म्हटलं तर तोच शेवटचा राउंड ठरू शकतो. म्हणून दम गेलेली गाडी दामटू नका. कळकळीनं सांगतोय.

दुसरा शत्रू टाकीत आहे. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं. पावसाळाभर पडून राहिलेल्या टाकीत पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पेट्रोलची नळी नेमकी तिथूनच ओढते. मिस्त्रींनी टाकी रिकामी केली, नळ्या बदलल्या, दोन्ही जाळ्या धुतल्या.

काठावर तपासणी. आधी इंजिन सुरू, मग ते थंड ठेवणारा पाण्याचा पाइप. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. क्रम चुकला तर एग्झॉस्टमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरतं.

(पाण्यावरचं दृश्य.)

आधी काही मिनिटं सावकाश. मग पूर्ण थ्रॉटल. पुढचा भाग उचलला, मागे पाण्याची धार उसळली! मालकांनी काठावरून टाळी वाजवली.

पूर्ण थ्रॉटलचा रंग प्लगवर तसाच राहावा म्हणून मिस्त्रींनी तिथेच, पाण्याच्या मधोमध, इंजिन एकदम बंद केलं. परत ओढून आणून दोन्ही प्लग काढले. पुढचा चॉकलेटी. मागचा मात्र फिकट.

“मागच्याले पेट्रोल कमीच पडून राह्यलं,” म्हणत त्यांनी मागच्या कार्बोरेटरचा हाय-स्पीड स्क्रू, म्हणजे जोरात चालताना पेट्रोल किती जावं ते ठरवणारा स्क्रू, पाव फेरा सोडला आणि प्लग पुन्हा बसवायला घेतले.