‘गरज वाटली नाही’

(दृश्य: रात्र. डोंगरउतारावरची पायवाट. लांबवर एका घरात दिवा लागतो.)

निवेदन:

इथिओपियात २०११ साली घरोघरी जाऊन आरोग्य सर्वेक्षण झालं. शंभर बाळंतपणांतली जेमतेम दहा दवाखान्यात झालेली निघाली. बाकीच्या बायांना विचारलं, तुम्ही का नाही गेलात? दहातल्या सहाजणी म्हणाल्या, गरज वाटली नाही. तिघीजणी म्हणाल्या, आमच्यात तशी रीत नाही.

असं उत्तर अहवालात गेलं की त्याचं ‘अज्ञान’ होतं, आणि मग जनजागृतीची पत्रकं छापून येतात. आपण ते उत्तर जरा सावकाश ऐकू या.

(दृश्य: घराच्या आत. बायांची लगबग, चुलीवर पाणी.)

कळा सुरू झाल्या की घरात प्रश्न सुरू होतात. गाडी कोणाकडे आहे? या वेळी येईल का, आणि किती मागेल? धाकट्या पोरांकडे कोण बघणार? सोबत जाईल त्याचा रोज बुडणार, तो कोणाचा? नवरा कामासाठी परगावी असेल तर निघायचं की नाही, हे सांगणार कोण? बहुतेक ठिकाणी ते सासू सांगते. जिला कळा येताहेत, तिला कोणी विचारत नाही.

पहिलटकरणीच्या कळा तासन्‌तास चालतात, तिच्या घरच्यांना निदान विचार करायला वेळ असतो. चौथ्या खेपेला तेवढीही सवड नसते. गाडीचं ठरेपर्यंत बाळ रडायला लागलेलं असतं. घरी झालेल्या कित्येक बाळंतपणांत ‘घरीच करायचं’ असं कोणी ठरवलेलंच नसतं.

आणि जिला खरोखरच गरज वाटत नाही, तिचं काय? तिची आधीची तीन घरीच झाली, सुखरूप. आईची, जावांचीही तशीच. हा अनुभव खोटा नाही, कारण बहुतेक बाळंतपणं सुखरूपच होतात. अडचण अशी, की कोणाचं बिघडणार हे आधी ओळखता येत नाही. नऊ महिने सगळं नीट असलेल्या बाईचंही वार पडल्यावर रक्त थांबेनासं होतं, आणि उपचार मिळाले नाहीत तर तिच्याजवळ सरासरी दोन तास उरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली गरोदरपणात आणि बाळंतपणात जगभरात सुमारे २ लाख ६० हजार बाया गेल्या. त्यांतल्या दहात नऊहून अधिक गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या.

(दृश्य: चिखलात रुतलेलं चाक. खाटेवरून नेली जाणारी बाई, चेहरा दिसत नाही.)

१९९४ साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासकांनी या मृत्यूंमागचे तीन उशीर मांडले. निघायचं ठरवण्यातला उशीर, पोचण्यातला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला उशीर. आजही जगभरच्या प्रशिक्षणांत हे तीन उशीर शिकवतात. फळ्यावर तीन चौकोन काढले की वाटतं, एकामागून एक येणारे हे तीन टप्पे. पण पहिला उशीर तिसऱ्यातूनच निघतो. मागच्या वेळी शेजारीण गेली तेव्हा तिथे काय झालं, हे साऱ्या गावाला ठाऊक असतं. सिस्टर होत्या का? वीज होती का? रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवावं लागतं. फ्रीज बंद, तर कपाटात औषध असूनही त्याचा भरवसा नाही. अशा ठिकाणी मध्यरात्री पोचायला एवढी धावपळ कोण करील?

पैशाचं थोडक्यात. सिएरा लिओनने २०१० साली आणि केनियाने २०१३ साली सरकारी दवाखान्यांतली बाळंतपणं मोफत केली. चांगलंच केलं. पण फी माफ झाली तरी गाडीभाडं, सोबतच्या माणसाचं जेवण आणि बाहेरून आणायला सांगितलेले हातमोजे राहतातच. बिल भरेपर्यंत बाळंतिणीला अडकवून ठेवण्याचे प्रकारही घडले आहेत. ते बेकायदा आहे, हे केनियात २०१५ साली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

(दृश्य: लांबट वॉर्ड. ओळीने खाटा. अर्धवट ओढलेला पडदा.)

सगळ्यात कमी बोललं जातं ते पडद्यामागच्या वागणुकीबद्दल. घाना, गिनी, म्यानमार आणि नायजेरिया या चार देशांत अभ्यासकांनी दोन हजारांवर बायांची बाळंतपणं दवाखान्यात शेजारी थांबून पाहिली. २०१९ साली निष्कर्ष छापून आले. एक तृतीयांशाहून अधिक बायांना मारहाण, शिवीगाळ किंवा भेदभाव सोसावा लागला होता. वयाने लहान आणि कमी शिकलेल्या मुलींच्या वाट्याला ते जास्त आलं. वेळही टिपलेली आहे. बाळ बाहेर येण्याआधीचा अर्धा तास आणि नंतरची पंधरा मिनिटं, या अवधीत हे सगळ्यात जास्त. म्हणजे बाईला उठून जाणं शक्य नसतं, नेमकं तेव्हा.

ओरडणारी सिस्टर जात्याच दुष्ट असते, असं मानायचं कारण नाही. रात्रपाळीला एकटीने सगळा वॉर्ड सांभाळणाऱ्या बाईचा तोल जातो. पण मार खाल्लेली मुलगी हे समजून घेत बसत नाही. ती घरी जाऊन बहिणीला सांगते. घरी दाईचा हात पाठीवर असतो, आई उशाशी असते, कोणी उताणं झोपायची सक्ती करत नाही.

सरकारांनी दोन वाटा चोखाळून पाहिल्या. एक धाकाची. मलावीत २००७ साली दायांनी बाळंतपणं करण्यावर बंदी आली. २०१० साली राष्ट्राध्यक्षांनीच ती मागे घ्यायला लावली. घरी बाळंत झालेल्या बाईला दंड करण्याचे प्रकारही काही देशांत झाले. जी वाटेतच बाळंत झाली, तिने काय करायचं?

दुसरी वाट रोख रकमेची. भारतात २००५ साली, दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला पैसे देणारी जननी सुरक्षा योजना आली. दवाखान्यात होणारी बाळंतपणं दहा वर्षांत ३९ टक्क्यांवरून ७९ टक्क्यांवर गेली. एवढी झेप क्वचितच कुठे दिसते. पण बाया आल्या त्या वेगाने खाटा आणि माणसं वाढली नाहीत. बाळंतिणीला निदान २४ तास ठेवून घ्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गर्दीच्या वॉर्डात ती त्याच्या कितीतरी आधी घरी निघते.

(दृश्य: उंच पर्वतरांगा. एका छोट्या दवाखान्याचं दार.)

पेरूमधल्या आयाकुचो भागात, अँडीज पर्वतात, तिसरी वाट सापडली. इथल्या केचुआ या मूलनिवासी समाजाच्या बाया उकिडव्या बसून, दोरी धरून बाळंत होत आलेल्या. दवाखान्यात मात्र आडवं झोपायचं, घरच्यांनी बाहेर थांबायचं, आणि बोलणं सगळं स्पॅनिशमध्ये. १९९९ साली सान होसे दे सेक्से इथल्या दवाखान्यात शंभरात सहा बाळंतपणं होत होती. मग आरोग्य कर्मचारी आणि गावकरी एकत्र बसले. खोलीत दोरी आली, बाक आला. नवऱ्याला आणि दाईला आत येऊ दिलं. त्यांची केचुआ भाषा बोलली जाऊ लागली. २००७ पर्यंत शंभरातली ८३ बाळंतपणं तिथे होऊ लागली.

२००५ साली पेरूच्या आरोग्य मंत्रालयाने उभ्या-बसत्या बाळंतपणाची नियमावलीच काढली. उकिडवी, गुडघ्यांवर, दोरीला धरून, अशी एकेक बैठक त्यात दिली आहे. आणि त्या-त्या वेळी बाळ घ्यायला डॉक्टरने कुठे, कसं बसायचं, तेही.