साध्या पक्ष्यांची हजेरी

श्रोतेहो, नमस्कार.

गळीत हंगाम सुरू झाला, उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला लागल्या, की आपल्या तळ्यांवरही वर्दळ वाढते. काही पाहुणे तर त्याच्या कितीतरी आधी येऊन दाखल होतात. पाऊस पुरता सरलेलाही नसतो, तेव्हाच ओढ्यातल्या दगडांवर करडा धोबी शेपूट वरखाली हलवत हिंडू लागतो. जेमतेम वीस ग्रॅमचा जीव, हिमालयातून किंवा त्याच्याही पलीकडून आलेला. त्याच्या मागोमाग तारांवर माळभिंगऱ्यांच्या रांगा लागतात, चिखलात तुतवार उतरतात आणि थंडी पडली की बदकं येतात. थापट्या येतो, तलवार बदक येतं. उत्तरेत हिवाळ्यात तळी गोठतात, किडे दिसेनासे होतात, पाणवनस्पती बर्फाखाली जातात. तेव्हा हे पक्षी थंडीला घाबरून येतात असं म्हणण्यापेक्षा पोटासाठी येतात, असं म्हटलेलं बरं.

आता रविवारी पहाटे कोल्हापुरात रंकाळ्यावर, कळंब्यावर, विद्यापीठाजवळच्या राजाराम तलावावर दुर्बिणी घेतलेले गट दिसतात. चांगलंच आहे. पण परतताना त्यांच्यातला पहिला प्रश्न बहुधा असतो, ‘आज नवीन काय दिसलं?’ माझं भांडण आहे ते या प्रश्नाशी. नवीन काही दिसलं नाही, तर वहीत काहीच लिहिलं जात नाही. तळ्यावर वारकरी असतो, काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला. टिबुकल्या बुड्या मारत असतात, बगळे ध्यान लावून बसलेले असतात. ‘ते काय, नेहमीचेच’ म्हणून त्यांना सोडून दिलं जातं.

दुर्मीळ पक्षी नशिबानं दिसतो. तळ्याची तब्येत कळते ती नेहमीच्या पक्ष्यांच्या आकड्यांवरून. जलपर्णी पसरली की मोकळं पाणी आक्रसतं. बुडी मारणाऱ्या आणि पोहणाऱ्या पक्ष्यांची जागा जाते, उलट लांब बोटांच्या कमळपक्ष्याला पानांवरून चालायला मैदान मिळतं. हा बदल एका फेरीत दिसत नाही. त्यासाठी तेच तळं, तीच वाट आणि तीच वेळ हवी. ऑक्टोबर ते मार्च महिन्यातून दोनदा जा, आणि एखादा पक्षी दिसला नाही तर त्याच्यापुढे शून्य मांडा. कोरी जागा सोडू नका. पुढच्या वर्षी तुलना करताना तो शून्यच कामाला येतो.

हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे, गट हवा तो इथे. पण आठ-दहा माणसंच पुरेत. तीस जणांची मिरवणूक निघाली, तर पक्षी आपल्याआधी पळतात. कामं वाटून घ्या. एकानं फक्त बदकं मोजायची, दुसऱ्यानं काठावरचे पक्षी, तिसऱ्यानं वही सांभाळायची. सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहावं, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो आणि रंग नीट दिसतात. मोठा थवा असला तर आधी दहा पक्षी मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत बसवा आणि तेवढ्या किती जागा भरल्यात ते बघा. संध्याकाळी भोरड्यांचा थवा झाडावर उतरताना मोजायचा असेल, तर दुसरा इलाज नाही. नवी दुर्बीण घेणार असाल तर आठ बाय बेचाळीसची घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटरच्या भिंगाची. दहापट मोठं दाखवणारी दुर्बीण हात थोडा हलला तरी त्रास देते.

आता कॅमेऱ्याबद्दल. बदकानं मान उंच केली, पोहत लांब जायला लागलं, की तिथेच थांबायचं. आणखी दोन पावलं पुढे टाकलीत तर ते उडणार. उगाच उडण्यात त्याची चरबी खर्च होते, आणि मार्चच्या सुमारास परतीसाठी ती साठवण्याची त्याची धडपड चालू असते. मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला झुडपाबाहेर काढणं तर मला अजिबात पटत नाही.

सुरुवात करायला ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह सोयीचा आहे. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली या पक्षी अभ्यासकांच्या जन्मदिवसांमधला हा आठवडा. फेब्रुवारीत जगभर चार दिवस पक्षिगणना चालते, तीत पंधरा मिनिटांची नोंदही घेतली जाते. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ईबर्ड या संकेतस्थळावर ती मोबाईलवरूनच भरता येते.

आणि हो, एखाद्या पक्ष्याच्या पायात रंगीत कडं किंवा गळ्यात पट्टी दिसली, तर रंग, त्यावरची अक्षरं आणि कडं कोणत्या पायात आहे, हे टिपून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. पक्ष्यांना कडी घालण्याचं काम ही संस्था १९२७पासून करत आली आहे. ती अक्षरं दुर्बिणीतून वाचता येतातच असं नाही. लांबून काढलेला फोटो मोठा करून बघितला की वाचता येतात. तेवढ्यापुरतं मी कॅमेरेवाल्यांना माफ करतो.

नमस्कार.