आधी वजन, मग स्वभाव

(दृश्य: कोरा कागद. पेन्सिलीने उमटत जाणारा एक पंख.)

कल्पनेतल्या जगात ड्रॅगन आणायचा म्हटलं की बहुतेक जण आधी त्याचा स्वभाव ठरवतात. लोभी, कपटी, गर्विष्ठ. आधी त्याचं वजन ठरवा.

आजवर उडालेल्या सर्वांत मोठ्या प्राण्यांपैकी एक म्हणजे क्वेट्झलकोॲटलस. १९७१ मध्ये टेक्सासात त्याची हाडं सापडली. पंखांचा पसारा सुमारे १० मीटर, वजन २०० ते २५० किलोच्या घरात. आता हाच प्राणी मोठा करू या. लांबी दुप्पट केली की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं, वजन मात्र आठपट. हत्तीएवढ्या, पाच टनांच्या ड्रॅगनला पेलायला त्याच हिशेबाने ४५ मीटरचे पंख लागतील. ते रानात उघडायचे कुठे? म्हणून ड्रॅगन २५० किलोचाच ठेवा. घोडा उचलणं विसरा. एखादं करडू नेईल.

चार पाय आणि वर दोन पंख, हीसुद्धा अडचणच. पक्षी असो की वटवाघूळ, पंख झालेत ते पुढच्या पायांचेच. वेगळी वाट काढली ती पश्चिम घाटातल्या उडत्या सरड्याने. त्याचं शास्त्रीय नाव ड्रॅको, म्हणजे ड्रॅगनच!

(दृश्य: गोव्यातलं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग. पोफळीचं खोड, अगदी जवळून.)

खोडावर सालीच्याच रंगाचा, वीतभर सरडा. झेप घेताच त्याच्या लांब फासळ्या बाजूंना पसरतात आणि त्यांच्यावरची पातळ कातडी छत्रीसारखी ताणली जाते. पाय चारही शाबूत. पण फासळ्या फडफडत नाहीत, त्यामुळे तो तरंगत खालीच येतो. सहा अवयवांचा ड्रॅगन हवा असेल, तर त्याला कड्यावर राहायला द्या.

आगीचा धडा बॉम्बार्डियर भुंगेऱ्याकडून घ्यावा. एका पिशवीत हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, पुढच्या जाड भिंतीच्या कप्प्यात विकरं, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारी द्रव्यं. दोन्ही एकत्र आली की १०० अंश सेल्सिअसचा फवारा उडतो, तोही सेकंदाला शेकडो झटक्यांत. सलग धार सोडली असती तर भुंगेराच भाजला असता. ड्रॅगनची ज्वाळाही ओठांच्या बाहेर पेटायला हवी. इंधन द्रवच हवं, कारण वायू लगेच पसरतो. धार मंदावली की ज्वाळा उलटी घशात शिरते, म्हणून शेवटी जोरदार फुंकर हवीच. आणि समोरून वारा असताना आग ओकणारा ड्रॅगन स्वतःचंच तोंड जाळेल.

स्वभाव ठरतो तो जेवणानंतर. कोमोडो ड्रॅगन हा खराखुरा महाकाय सरडा एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत मांस खातो आणि ते पोटात सडू नये म्हणून उन्हात पडून राहतो. आपला ड्रॅगनही तसाच खात असेल, तर भरल्या पोटी त्याला उडता येणार नाही. तो जेवढा सुस्त, तेवढाच संशयी. पावलांचा आवाज आला की त्याने गिधाडासारखं करायचं: आधी खाल्लेलं ओकायचं, मगच पंख उघडायचे.