कागदावरचा ‘गोपनीय’ शिक्का

[दृश्य : धुळे, राजवाडे संशोधन मंडळ. टेबलावर मोडीतले कागद.]

दप्तराची गाठ सुटली की आधी जुन्या कागदाचा वास येतो. मग दिसतात मोडी अक्षरं, लेखणी न उचलता ओढलेली.

अशी पत्रं एकेकाळी सरकारी गुपितंच होती. फौज कुठे पोचली, कर्ज किती झालं, कोण फितूर होईल. वि. का. राजवाड्यांनी गावोगावची दप्तरं धुंडाळून ती छापली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला, पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. तोवर सव्वाशेहून अधिक वर्षं लोटली होती. कोणाला पकडायचं कारण उरलं नव्हतं.

पण कागद याच वर्षीचा असला तर?

[दृश्य : वरणगाव. कारखान्याचं कुंपण, लांबून.]

खरं गुपित कशाला म्हणतात, हे खानदेशाला शिकवावं लागत नाही. वरणगाव आणि भुसावळला आयुध निर्माणी आहेत. वरणगावात काडतुसं बनतात. तिथल्या बारीकसारीक गोष्टी बाहेर जाऊ नयेत, हे इथल्या कोणालाही पटेल. त्यावर जवानांचे जीव अवलंबून असतात.

अडचण पुढे आहे. या कुंपणाचं रक्षण करणारा १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट, म्हणजे सरकारी गुपितांचा कायदाच, बातमीदारालाही लागू होतो. कलम ५ प्रमाणे गुपित फोडणारा जसा दोषी, तसा ते जाणूनबुजून घेणाराही. शिक्षा ३ वर्षांपर्यंत. आणि ‘गुपित’ म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या या कायद्यात नाहीच! कागदावर शिक्का मारणार सरकार, आणि खटलाही सरकारच्या फिर्यादीशिवाय उभा राहत नाही.

पत्रकार इफ्तिखार गिलानी यांना जून २००२ मध्ये दिल्लीत अटक झाली. त्यांच्या संगणकात काश्मीरमधल्या सैन्याची माहिती सापडली होती. ती इस्लामाबादच्या एका संस्थेने आधीच छापलेली, कोणालाही मिळू शकणारी माहिती होती. तरी ते सात महिने तिहारमध्ये राहिले. जानेवारी २००३ मध्ये सरकारने खटला मागे घेतला. सुटका झाली, पण गेलेले सात महिने कोण परत देणार?

[दृश्य : सर्वोच्च न्यायालय.]

२०१९ मध्ये राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीची कागदपत्रं वर्तमानपत्रात आली, तेव्हा न्यायालयाने ती पाहूच नयेत असा आक्षेप सरकारने याच कायद्याच्या आधारे घेतला. १० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने तो आक्षेप एकमताने फेटाळला. पुढे नोव्हेंबरमध्ये या खरेदीच्या चौकशीसाठीच्या फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या, हेही सांगायला हवं. म्हणजे कागद छापून आल्याने कोणी आपोआप दोषी ठरलं नाही. कागद तपासले गेले, एवढंच.

अमेरिकेत १९७१ साली व्हिएतनाम युद्धाचे गुप्त कागद छापण्यावर सरकारने बंदी मागितली. न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ती नाकारली. पण छापल्यावर खटला भरायची वाट मोकळी राहिली, आणि त्याच वाटेने गुप्त कागद छापणाऱ्या ‘विकिलीक्स’चे ज्युलियन असांज अडकले. लंडनच्या तुरुंगात पाच वर्षं काढून जून २०२४ मध्ये त्यांनी हेरगिरीच्या कायद्याखालचा एक गुन्हा कबूल केला, तेव्हा कुठे ते घरी गेले.

आपल्याकडे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(२) मध्ये एक तराजू आहे. लोकहित नुकसानीपेक्षा जड असेल, तर गुपितांच्या कायद्याला न जुमानता अधिकारी माहिती देऊ शकतो. तोच तराजू आरोपी संपादकाच्या हाती मात्र दिलेला नाही. तो द्यायला हवा, न्यायालयात, पहिल्याच तारखेला.

[दृश्य : तालुक्याच्या गावचा छापखाना, रात्र.]

दिल्लीच्या वर्तमानपत्राकडे वकिलांची फौज असते. शिरपूर, शहादा, चोपड्याच्या साप्ताहिकात संपादकच बातमी लिहितो, तपासतो आणि सकाळी गठ्ठेही पोचवतो. अशा माणसाच्या टेबलावर रात्री दहाला शिक्का असलेली एक झेरॉक्स येऊन पडते. पानाची जागा रिकामी असते, आणि तो फोन उचलून आधी घरी विचारतो.